काच वर केली, विषय संपला!

परळीत सायकलचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "लांब पडतं हो!" अहो, स्टेशनपासून वैजनाथाचं देऊळ दोन-तीन किलोमीटर. हिंजवडीवाला असं म्हणाला तर एकवेळ समजू शकतो.

खरी अडचण वेगळीच आहे: राख. १९७१ पासून इथे कोळशावर वीज तयार होते. आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांची राख वीटभट्ट्यांना, सिमेंटला जाते, टिप्पर-हायवातून. झाकून न्यायचा नियम आहे. पण मागे सायकलवर असाल तर तो नियम थेट डोळ्यात जातो!

यावर आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांचा उपाय काय? कार घ्या, काच वर करा, एसी लावा. झालं! राख तिथेच, फक्त आपल्यापुरती गेली. ड्युटीला सायकलवर जाणारा कामगार ती गिळतोच आहे. त्याची तक्रार ऐकतो कोण?

म्हणून म्हणतो, ऑफिसला सायकलने जा. तब्येत, पेट्रोल वगैरे ठीकच आहे. पण ज्यांचा फोन साहेब लोक उचलतात, त्यांच्या नाकात राख गेल्याशिवाय ताडपत्री काही घट्ट बांधली जाणार नाही!