पाव टाका, फोटो काढा!

चोर्ला घाट उतरून कडोली-बेळगावची मंडळी गोव्यात येतात. वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाकडे 'स्कूबा' करतात. मासे जमावेत म्हणून पाव टाकायचा, फोटो काढायचा, की झाले! त्या बिचाऱ्यांना कशाला नावे ठेवू? विकणारे आपण गोंयकार आहोत.

याच किनाऱ्यालगत सुंची रीफवर सतराव्या शतकातले पोर्तुगीज जहाज फुटले आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तिथून हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, काशाच्या हातबंदुकीची नळी, चिनी मातीची भांडी वर काढली. सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजात तर कौले सापडली, 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा शिक्का असलेली! आपल्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौलेच की ही. पण हे सगळे इंग्रजी शोधनिबंधांत. पर्यटकाला मराठीत सांगायला काय हरकत आहे?

आणि प्रवाळ? २००१ पासून कठीण प्रवाळांना कायद्याने वाघाच्याच अनुसूचीत बसवले आहे. तरी त्यांच्यावर नांगर टाकताना आपला हात थरथरत नाही. वाघाच्या पाठीवर खुंटी ठोकली असती का?

कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. तिथल्या वाचकांना हा समुद्र समजणार नाही, असे कोणी ठरवले? बोटीवर चढण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे: नांगर कुठे टाकणार?