चारही इंडिकेटर चालत्या गाडीसाठी नाहीत

द्वारका चौकात सरळ जायचे म्हणून अनेकजण चारही इंडिकेटर लावतात. यामागचा हेतू चांगला असला, तरी त्याचा परिणाम घातक आहे. बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याला गाडीची एकच बाजू दिसते, त्यामुळे गाडी आपल्याकडे वळते आहे असे त्याला वाटते. सरळ जाण्यासाठी खूण लागतच नाही. इंडिकेटर बंद असणे हीच ती खूण. लाल त्रिकोणाचे बटण दाबले की दोन्ही बाजूंचे दिवे एकाच तालात, मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा, उघडझाप करतात आणि बहुतेक गाड्यांत मग डावे-उजवे कळत नाही.

पावसाळ्यात कसारा घाटातल्या धुक्यात गाडी दिसावी म्हणून ते लावावेच लागतात, असे सांगितले जाते. दिसण्याची गरज खरीच आहे. पण त्यासाठी मागचे लाल दिवे, खाली वळवलेला हेडलाइट आणि असल्यास फॉगलॅम्प आहेत. सगळ्याच चालत्या गाड्या लुकलुकू लागल्या, तर वळणापलीकडे खरोखर बंद पडलेला ट्रक ओळखायचा कसा? चालकांनो, ते बटण थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवा.