गंजीतल्या कडब्यात काय उरते?



गंजी किती पेंढ्यांची, हे कुणीही चटकन सांगतो. त्या गंजीत काय उरले आहे, हे कुणी विचारत नाही. पोट भरण्याइतकी वैरण आहे ना, मग झाले, असा आपला हिशेब. तो अर्धाच आहे.

हिरव्या वैरणीत कॅरोटीन असते. जनावराच्या शरीरात त्याचेच जीवनसत्त्व 'अ' होते. 'ब' गटातली जीवनसत्त्वे पोटातले जिवाणू तयार करतात, 'ड' ऊन देते. 'अ' मात्र वैरणीतूनच यावे लागते. ज्वारी कापून उन्हात वाळवली की बहुतेक कॅरोटीन उडून जाते, उरलेसुरले गंजीत संपते. पावसाळ्यात बांधावर चरलेले जनावर यकृतात साठा करते, त्यावर काही महिने निघतात. फाल्गुन-चैत्रात मग डोळ्यांतून पाणी गळते, तिन्हीसांजेला बैल ठेचकाळतो, गाय माजावर येत नाही, वार अडकते, वासरू अधू जन्मते. याला इतरही कारणे असतात, पण हे एक आहेच. आपण तेव्हा सरकी पेंड वाढवतो. पेंडीत प्रथिने आहेत, कॅरोटीन नावापुरतेही नाही. सोयाबीनच्या कुटारातही नाही.

मुरघास इथेच कामाला येतो. कुट्टी दाबून हवा बंद केली की ताटातल्या साखरेवर जिवाणू आम्ल तयार करतात, दह्यात असते तेच. या आम्लात वैरण टिकते, आणि ऊन-हवा लागत नसल्याने कॅरोटीनही. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन हे शेतकऱ्यांच्या सहकारी लोणी संघाची प्रयोगशाळा चालवीत. हिवाळ्यातही दुधात 'अ' यावे म्हणून ताज्या चाऱ्यावर आम्ल शिंपडून तो टिकवण्याची रीत त्यांनी बसवली. १९४५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आपल्या ज्वारीचे ताट मुळात गोड, तिला बाहेरचे आम्ल लागत नाही.

मुरघासाच्या प्रचारात चित्र असते ते बागायती मक्याचे आणि सिमेंटच्या खड्ड्याचे. कोरडवाहू माणूस ते पाहून पुढे जातो, आणि बरोबरच करतो. घरच्या भाकरीची ज्वारी हिरवी कापा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. आठ-दहा गुंठे वैरणीसाठी वेगळे पेरा. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण एक टन मावतो. दोन बैलांना रोज पाच-पाच किलो दिला तर तो उन्हाळ्याचे तीन महिने पुरतो. बाकी पोट कडब्याने भरू द्या.

दाणा चिकात आला की कापावे. कोवळी ज्वारी विषारी असते, ती घेऊ नये. कुट्टी मुठीत दाबली तर गोळा राहावा, पाणी टपकू नये. एका दिवसात भरा, थराथराने तुडवा, प्लास्टिक आणि वर माती. खरी मेहनत तुडवण्यात आहे, आणि अंगचोरी होते तीही तिथेच. दीड महिन्याने उघडा. वाळल्या वैरणीचा हिरवा रंग गेला की कॅरोटीन गेले असे समजावे. मुरघासात तसे नाही. आम्लाने तो पिवळसर-शेवाळी होतोच. काळपट होऊन जळक्या गुळासारखा वास आला, तर मात्र आत हवा राहून तो तापला. पोट भरेल, जीवनसत्त्व गेले.

आता दुधाचे. भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर. जीवनसत्त्व 'अ' स्निग्धांशात असते. मलई काढली की तेही जाते, आणि मग पिशवीतल्या दुधात विकतचे घालायचे. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत त्याची मानके ठरली आहेत. कारखान्यातल्या 'अ' ला पैसे मोजले जातात. गोठ्यात हिरवी वैरण राखून ते दुधात आणणाऱ्याला त्याचा एक पैसा नाही. म्हणून आमचे मत असे, की हा भाव मिळेपर्यंत मुरघास डेअरीसाठी करू नका, आपल्या बैलांसाठी, गाभण गायीसाठी आणि वासरांसाठी करा. खड्डा खणणे, कुट्टी, प्लास्टिक आणि मजुरी धरून किलोला काय पडले, ते वहीत लिहून ठेवा. जिल्हा बैठकीला येताना ती वही आणि डेअरीची पावती दोन्ही आणा. भावाची मागणी त्या आकड्यांवरच मांडायची आहे.