झटके थांबल्यावरचा दाह

ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा झालेला रुग्ण आला की आपले सारे लक्ष ॲसिटिलकोलीनवर असते, आणि ते रास्तच आहे. ॲट्रोपिन, श्वासमार्ग, झटके आल्यास विनाविलंब डायझेपाम किंवा मिडाझोलाम. जीव यांनीच वाचतो. पण छाती कोरडी पडली, झटके थांबले, की मेंदूचेही निभावले असे आपण धरून चालतो. त्याला आधार नाही. लांबलेल्या झटक्यांत ग्लुटामेटचा मारा होतो, चेतापेशींत कॉक्स-२ वाढून प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होते, मायक्रोग्लिया इंटरल्युकिन-१ बीटा आणि टीएनएफ सोडतात, रक्त-मेंदू अडथळा पाझरू लागतो. ही साखळी झटक्यांनी सुरू होते खरी, पण झटके आवरले तरी ती चालूच राहते.

दाह हा नुकसानीचा परिणाम आहे, कारण नव्हे, असा आक्षेप येतो. मायक्रोग्लिया मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलायला आलेले सफाई कामगार, त्यांच्यावर आळ कशाला? १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात एमपीटीपी हे चेताविष मिसळलेल्या नकली हेरॉइनमुळे तरुणांना पार्किन्सनसारखा आजार जडला. लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा तीन रुग्णांचे शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. विष शरीरात जाऊन ३ ते १६ वर्षे लोटली होती, तरी सबस्टँशिया नायग्रात सक्रिय मायक्रोग्लिया होत्याच. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्याहून वजनदार पुरावा एमोरी विद्यापीठातल्या प्रयोगांचा आहे. पायलोकार्पिनने झटके आणलेल्या उंदरांना, झटके सुरू झाल्यावर ४ तासांनी, प्रोस्टाग्लँडिनच्या ईपी२ ग्राहीला अडवणारे रेणू दिले. तोवर झटके औषधाने आवरलेले होते. तरीही दाह, अडथळ्याची गळती, हिपोकॅम्पसमधली पेशीहानी आणि नंतरचे मृत्यू घटले. दाह निव्वळ परिणाम असता तर हे घडले नसते.

मग स्टेरॉइड का देऊ नये? मेंदूच्या इजेत सरसकट दाह दाबण्याची किंमत क्रॅश चाचणीने दाखवली आहे. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांच्या त्या अभ्यासात मिथाइलप्रेडनिसोलोन गटात दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के होते, प्लासिबो गटात १७.९. तिथली इजा वेगळी, हे मान्य. पण इथे स्टेरॉइडच्या बाजूने बोलणारा मानवी पुरावाही नाही. शिवाय राडारोडा उचलणेही गरजेचेच असते. या वापरासाठी ईपी२रोधक अजून प्रयोगशाळेतच आहेत, त्यामुळे आज औषधाच्या चिठ्ठीत नवे काही लिहायचे नाही.

आपल्याकडे लांबलेले झटके क्वचितच दिसतात, हेही कुणी सांगेल. दिसतात क्वचित, पण स्नायू शिथिल करून व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या रुग्णाचे झटके डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यांना ईईजीच लागतो. २०१७ मध्ये यवतमाळला कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक जीव गेले तेव्हा चर्चा मृत्यूंच्या आकड्याचीच झाली. वाचलेल्यांच्या डिस्चार्ज कार्डावर झटके किती वेळ टिकले याची नोंद हवी, आणि तीन महिन्यांनी स्मरणशक्ती तपासण्याची तारीख.