मुळशीचें वर्णन कसें करावें?

सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यांचे निबंध वाचूं लागलें म्हणजे मुळशीचा तलाव आम्हांस दरवर्षीं एकाच वेषांत भेटतो. धुकें उतरलेलें असतें, डोंगर हिरवा शालू पांघरलेले असतात, धबधबे दुधासारखे कोसळत असतात. यांत खोटें कांहींच नाहीं. परंतु हेंच वर्णन भंडारदऱ्यास चालेल, पानशेतास चालेल. मग तें मुळशीचें कसें म्हणावें?

स्थलवर्णन आधीं पायांनीं करावें व मग लेखणीनें, असें आमचें मत आहे. पुण्याच्या कसबा पेठेंतून सावकाश चालणारास दगडच साहाय्य करितात. वाड्याचा दिंडीदरवाजा, कोपऱ्यावरचें देऊळ, बोळाचें अवघड वळण, प्रत्येकाजवळ सांगावयास कांहींतरी असतें. मुळशीस ही सोय नाहीं. तेथील जुन्या वाटा, पार आणि आंबेमोहोराचीं खाचरें पाण्याखालीं आहेत. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें बांधलेलें धरण १९२७ सालीं पुरें झालें, आणि पूर्वेकडे वाहणारें पाणी पश्चिमेस वळवून कोंकणांत भिऱ्यास उतरविण्यांत आलें. तेथें निघालेली वीज मुंबईस गेली.

या योजनेची झळ ५२ गांवांस लागणार होती. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं धरणाच्या जागीं सत्याग्रह मांडला, व तो लढा १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' ही पदवी याच लढ्यानें दिली. पुण्यांत सेनापति बापट मार्गावरून नित्य जाणाऱ्या आमच्या किती वाचकांनीं, हे सेनापति कोणत्या सैन्याचे, असें कधीं विचारलें असेल?

शास्त्राच्या तासाला आपण नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट ऐकतों. अहाब राजा दुसरा मळा किंवा रोख किंमत देऊं करीत असतांही त्यानें वडिलार्जित जमीन सोडण्याचें नाकारिलें. मावळांतील शेतकऱ्यांचें म्हणणें याहून निराळें नव्हतें. मात्र मुळशीच्या गोष्टींत एक पात्र अधिक आहे. तेथील पुष्कळ जमिनी पुण्यांत राहणाऱ्या सावकारांकडे गेल्या होत्या, आणि मोबदला घेऊन मोकळें व्हावें असें त्यांच्यापैकीं अनेकांस वाटत होतें. जमीन कसणारास तसें वाटत नव्हतें. म्हणून मुळशीची अर्धी हकीकत पुण्याच्या पेठांतच आहे असें आम्ही म्हणतों. वाड्याच्या नक्षीदार खांबांचें कौतुक करणारानें तेथील भात कोणत्या खाचरांतून येत असे, हेंही विचारावें.

कोणी म्हणेल, शाळकरी मुलाच्या निबंधांत हा वाद कशाला? धुकें लिहूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तें सुंदर आहे, आणि पाहून आनंद न होणारा मुलगा आम्हांस तरी आवडणार नाहीं. विजेला नांवें ठेवण्याचाही आमचा विचार नाहीं. हे शब्द विजेच्या दिव्याखालींच लिहिले जात आहेत. परंतु ज्या पाण्यावर तें धुकें उतरतें त्याचा तळ रिकामा नाहीं, एवढें तरी लिहिणारास ठाऊक असावें.

तेव्हां पुढील अंकासाठीं मुळशीवर लिहूं इच्छिणारांस आमची एक विनंति आहे. गाडी पौडावरून थेट ताम्हिणीस नेऊं नये. मुळशीस उतरून तलावाच्या कडेनें कोसभर तरी पायीं जावें. वाटेंत भाऱ्यासह विसाव्यास बसलेली एखादी म्हातारी भेटली, तर तिला नमस्कार करून, "आजी, तुमचें मूळ गांव कोणतें?" असें विचारावें. ती जें नांव सांगेल तें वहींत टिपून घ्यावें. आणि नांव सांगतांना तिचा हात पाण्याकडे गेला, तर तेंही लिहावें.