समजून घ्या : अहिल्यादेवींची ‘खासगी’ म्हणजे नेमकं काय? सुप्रीम कोर्टापर्यंत का गेला हा वारसा?

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीहून उत्तरेला औंढा नागनाथ आणि दक्षिणेला परळी वैजनाथ. या दोन्ही ज्योतिर्लिंगांच्या जीर्णोद्धाराशी अहिल्यादेवी होळकरांचं नाव जोडलेलं आहे. त्या काळात मराठवाड्याचा मोठा भाग निजामाकडे होता. मग इंदूरच्या राज्यकर्तीने इथे खर्च कसा केला? उत्तर आहे एका शब्दात : खासगी.

खासगी म्हणजे काय?

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. ‘दौलत’ म्हणजे सरकारी तिजोरी. त्यातून फौज आणि कारभार चाले. ‘खासगी’ म्हणजे घरातल्या कर्त्या स्त्रीची स्वतंत्र जहागीर. १७३४ मध्ये पेशव्यांनी ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना दिली. १७६१ मध्ये त्यांचं निधन झालं आणि ती सुनेकडे, म्हणजे अहिल्यादेवींकडे आली. सासूकडून सुनेकडे आलेला हा वारसा होता.

पैसा गेला कुठे?

१७६७ ते १७९५ या काळात अहिल्यादेवींनी कारभार पाहिला. काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर ही त्यांची ठळक कामं. बहुतेक ठिकाणं होळकरांच्या राज्याबाहेरची. घाट, विहिरी, धर्मशाळा वेगळ्याच. महेश्वरला त्यांनी विणकरांना आश्रय दिला, त्यातून महेश्वरी साडी घडली. पाथरवट, गवंडी आणि विणकर यांना वर्षानुवर्षं काम मिळालं. अनेक ठिकाणी पूजा आणि देखभालीसाठी कायमची नेमणूकही लावून दिली.

मग वाद कसला?

संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी ट्रस्ट स्थापन झाला. देशभरात एकूण २४६ मालमत्ता. त्यात १३८ मंदिरं, १८ धर्मशाळा आणि ३४ घाट. पुढे हरिद्वारच्या कुशा घाटासह काही मालमत्तांच्या विक्रीवर आक्षेप आले. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने ट्रस्टच्या विरोधात निकाल दिला. २१ जुलै २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ट्रस्टला सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, त्यामुळे नोंदणी करावी लागेल. झालेल्या विक्रीची तपासणी निबंधकांनी करावी. आर्थिक गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश मात्र रद्द झाला.

आज हे महत्त्वाचं का?

गेल्या काही वर्षांत अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मे २०२५ मध्ये चौंडीत राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली, त्रिशताब्दीनिमित्त ३०० रुपयांचं नाणंही निघालं. नाव मोठं झालं, पण कोर्टातला प्रश्न साधा होता : बांधलेलं सांभाळायचं कोणी आणि हिशेब द्यायचा कोणाला?

महेश्वरी साडीचंही तेच. राजाश्रय संपला तसा धंदा खालावला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटीने विणकरांना पुन्हा उभं केलं, तेव्हा माग परत चालू लागले.

देणगी एकदाच देता येते, देखभाल मात्र दरवर्षी करावी लागते. अहिल्यादेवींनी नेमणूक लावली ती म्हणूनच. गावातल्या मंदिराला किंवा बारवेला नवा दाता मिळाला, तर दगडावरच्या नावाआधी एवढंच विचारावं : पुढच्या वर्षीच्या खर्चाची सोय काय, आणि हिशेब कुठे पाहायला मिळेल?