आपण कोणत्या बाजूला होतो?

चौथीच्या वर्गात शिवरायांचे आरमार शिकवताना एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, समुद्रावरच्या लढाईत आपण कोणत्या बाजूला होतो?" हा 'आपण' त्या लेकराच्या डोक्यात कोणी घातला?

सांगली-साताऱ्याच्या आम्हा शिक्षकांना शिवजयंतीला भाषणाला बोलावतात. आम्ही आरमाराच्या दौलतखानाचे नाव घेतो, टाळ्या पडतात, आम्ही खूश! पण निष्ठेचा दाखला म्हणून आम्ही किती दिवस त्याचे नाव पुढे करणार? कान्होजी आंग्र्यांच्या जातभाईंकडे असा दाखला कोणी मागतो काय?

दुसरीकडे आपल्यातलेच काही जण जंजिरा अजिंक्य राहिला म्हणून छाती फुगवतात. सिद्दी लढला तो आपल्या सत्तेसाठी आणि मोगलांच्या नेमणुकीसाठी. इथल्या बागवान, अत्तार, पिंजाऱ्यांशी त्याचे काय देणेघेणे? १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात दौलतखान शिवरायांच्या बाजूने लढला आणि सिद्दी इंग्रजांच्या साथीने त्याच्यावर चालून आला. दोघेही मुसलमान! मग धर्म कोणत्या गलबतावर होता?

आता विजयदुर्गाकडे पाहा. हे घेरिया बंदर शिवरायांनी आदिलशाहीकडून घेतले. पुढे कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहू महाराजांचे सरखेल झाले. त्यांच्या तोफांना इंग्रजही वचकून होते. त्याच विजयदुर्गावर फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन आणि जमिनीवरून क्लाइव्ह चालून आले. त्यांना बोलावले कोणी? तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून खुद्द पेशव्यांनी! आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. पेशव्यांना किल्ला मिळाला, तोही इंग्रजांना बाणकोट देऊन. मराठी दर्यावरची ती मोठी ताकद बुडाली ती सिद्दीमुळे नव्हे, घरच्या भांडणामुळे.

हा धडा हिंदू-मुसलमान अशा दोन रकान्यांत बसत नाही, म्हणूनच व्यासपीठावर तो कोणाला नको असतो.

त्या मुलाला आम्ही सांगितले, "बेटा, बाजू राजांच्या होत्या. आपण वल्ही मारणाऱ्यांत, गलबते बांधणाऱ्यांत, शेतसारा भरणाऱ्यांत होतो. सगळ्या जातींचे, सगळ्या धर्मांचे."

मित्रहो, पुढच्या शिवजयंतीला दौलतखानाचे नाव जरूर घ्या. पण हात जोडून नव्हे, ताठ मानेने घ्या. तो आमचा जामीनदार नाही. तो या मातीच्या इतिहासातला एक दर्यावर्दी आहे, एवढे पुरे.